अडीच तासांचा दोरा

मी भिंतीवरचा नकाशा बोलतोय. जेवणाच्या टेबलासमोर, जरा तिरकाच टांगलेला.

आधी मी एका शाळेत होतो. नवा नकाशा आला तेव्हा मला गुंडाळून कपाटावर टाकलं. पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने मला मागून घेतलं. "आमच्या ठमीला होईल," म्हणाला.

पुढे त्यालाच कामासाठी परदेशातल्या दूरच्या शहरात जावं लागलं. तो गेला त्या दिवशी ठमीने माझ्यात दोन टाचण्या खोचल्या, मध्ये लाल दोरा बांधला. तिकिटावर लिहिलं होतं : नऊला निघणार, साडेअकराला पोचणार. तिने वजाबाकी केली आणि दोऱ्याखाली पेनाने लिहिलं, 'अडीच तास'.

तिकडचं घड्याळ अडीच तास मागे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "तिकडे किती वाजले रे?" असं आजी फोनवर रोज विचारायची. पण हा फरक त्या वजाबाकीत मिळवायचा असतो, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दोऱ्याची लांबी साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाच तास लागतात.

"अडीच तास? एवढ्यात माझं निवडणंटिपणंसुद्धा होत नाही!" आजी कितीतरी दिवसांनी हसली. ठमीने फोन माझ्यासमोर धरला. "बाबा, बघा!" त्याने वाचलं, काही बोलायला तोंड उघडलं. मग आपल्या म्हाताऱ्या आईचं हसू दिसलं. "हो गं," तो म्हणाला, "हाक मार, आलोच म्हण."

आजी आजारी पडली. डॉक्टर सकाळी म्हणाले, "मुलाला बोलवून घ्या." ठमीची आई फोनकडे वळली, तर आजीने हात धरला. "त्याचं काम कशाला मोडतेस? अडीच तासांवर तर आहे. दुपारी बघू."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

दुपारी आजीचा श्वास चढला. फोनवर तो ओरडलाच. "आत्ता सांगतेस? आजचं विमान गेलं! उद्या सकाळी निघेन. अगं, पाच तास लागतात!"

दुसऱ्या दिवशी आजी विचारत राहिली, "निघाला का?"

"निघाला, आई."

"मग आलाच."

ती गेली तेव्हा तो दोऱ्याच्या मधोमध कुठेतरी होता.

दहा दिवसांनी, परत जायच्या सकाळी, तो एकटाच माझ्यासमोर उभा राहिला. 'अडीच'वर अंगठा घासत पुटपुटला, "त्याच दिवशी सांगायला हवं होतं मी." शाई काही निघाली नाही.

ठमीशी मात्र तो याबद्दल एक शब्द बोलला नाही. ती आता स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवते. इथून जाताना मान खाली घालते. दोरा तिने काढला, टाचण्यांची भोकं राहिली.

माझ्याकडून अंतर कळतं, पण मला तोंड नाही. तुम्ही कधी या घरी आलात, तर त्या पोरीला तेवढं सांगा : बाबांना ठाऊक होतं.