उजवीकडे जड

हेरिबेर्तो केसादाची पंचावन्न सालची शेवरले उजवीकडे वळताना जड जायला लागली, आणि सागुआ गावातल्या झाडून सगळ्यांना एकाएकी स्टिअरिंगमधलं कळायला लागलं. डावीकडे गाडी पाण्यासारखी वळायची. उजवीकडे म्हटलं की रुसल्यासारखी अडायची. मंगळवारी पुलाजवळच्या वळणावर ती वेळेत वळलीच नाही आणि एका सायकलवाल्याला गटारात उतरावं लागलं. मागच्या बाकावरच्या बाईने पर्समधून जपमाळ काढली, ती सांता क्लारा येईपर्यंत आत ठेवली नाही.

त्याच दिवशी हेरिबेर्तोने ठरवलं, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचा फेर चाकांपर्यंत पोचवणारी लोखंडी पेटी, बदलायचा. तो नाही बदलला तर गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे हेरिबेर्तो बंद. एकोणचाळीस वर्षं सागुआ ते सांता क्लारा आणि परत, सवाऱ्या भरून रोज दोन खेपा. याखेरीज त्याला काही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आवडतही नव्हतं. सत्तरी जवळ आली म्हणून मुलगी अधूनमधून गाडी विकण्याची गोष्ट काढायची. ती काढली की हा कोंबड्यांना दाणे टाकायला उठायचा. कोंबड्या चांगल्याच गुबगुबीत झाल्या होत्या.

आता बॉक्स बदलायचा म्हणजे काय? नवा बॉक्स ही चीज सागुआत कोणी पाहिलेली नाही. कोणीतरी उघडलेला, सील बदललेला, पुसूनपासून पुन्हा बंद केलेला, तोच नवा. तेव्हा प्रश्न एवढाच की कोणी उघडलेला आणि कुठल्या गाडीचा. स्टेशनसमोरच्या थांब्यावर ड्रायव्हर मंडळींनी या प्रश्नाचा दोन दिवसांत पार भुगा केला. एक म्हणाला रशियन जीपचा घाला, रणगाडा आहे. दुसरा म्हणाला जीपचा घातलात तर हात खांद्यातून निखळतील, पुढच्या मॉडेलचा घ्या. तिसऱ्याच्या मते बॉक्समध्ये काही नव्हतंच, पंपाचा पट्टा ढिला होता. एका बाजूलाच जड जातंय म्हणजे बॉक्सच्या आतला व्हॉल्व्ह गेला, यावर मात्र बाकी सगळ्यांचं एकमत होतं. पट्टा ढिला असता तर दोन्हीकडे जड गेली असती की.

"पण ही शेवरलेच आहे का, आधी ते सांगा ना उस्ताद," चायो म्हणाला. चायो थांब्यावरचा सगळ्यात वाचाळ ड्रायव्हर. "इंजिन जपानी, ब्रेक रशियन, डावं दार चौपन्नचं. शेवरले म्हणायला कागद तेवढा उरलाय तुमच्याकडे."

सगळे हसले, हेरिबेर्तोही हसला, पण रात्रभर तोच विचार त्याचं डोकं खात राहिला. खरंच, कुठल्या गाडीचा बॉक्स मागायचा?

मायामीला राहणारा भाचा योस्वानी बॉक्स पाठवायला तयार होता, पण त्याचे प्रश्न संपत नव्हते. फोनवर तो निरोप बोलून पाठवायचा: मामा, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे फेरे किती हवेत, तीन की साडेचार? खालच्या दांड्याला दाते किती? पाइपाचं तोंड कसलं? हेरिबेर्तोने तो निरोप पाच वेळा ऐकला आणि पाचही वेळा नवीन काहीतरी समजलं. मग तो खडू घेऊन गाडीखाली शिरला. एकदा दाते तीस भरले, एकदा बत्तीस, एकदा एकतीस. एकतीसचा बॉक्स जगात नसतो म्हणे.

फेऱ्यांचं तर त्याला काही म्हणजे काही ठरवता येईना. तीन फेऱ्यांचा घेतला तर गाडी चटकन वळेल, पण एक शिंक आली तर शेतात जाईल. साडेचारचा घेतला तर चौकात सूत कातत बसल्यासारखं फिरवत बसावं लागेल. फार हलका बॉक्स त्याला नकोच होता. रस्ता हाताला कळला पाहिजे, असं तो म्हणायचा. त्याची बायको मिग्दालिया मात्र एकच धरून बसली होती.

"योस्वानीला सांग, हलक्यातला हलका असेल तो दे."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला.

मिग्दालियाने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून त्याला थांब्यावर पाठवून दिलं.

गावात बॉक्स उघडणारी नेरेइदा होती. साखर कारखाना बंद पडेपर्यंत ती तिथे लेथवर होती. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अख्ख्या जिल्ह्याचे स्टिअरिंग बॉक्स तिच्या हाताखालून जात. तिने रीतीप्रमाणे गाडी तपासली. रीत म्हणजे काय, तर कारागिराने खाली झोपायचं आणि मालकाने वर बसून स्टिअरिंग फिरवायचं. दुसऱ्याच्या गाडीच्या स्टिअरिंगला तिकडे कोणी हात लावत नाही. परका हात लागला की गाडी सैलावते असा समज आहे, आणि समज नसता तरी कोणी लावू दिला नसता. एकोणचाळीस वर्षांत त्या स्टिअरिंगला हेरिबेर्तोखेरीज कोणी शिवलेलं नव्हतं.

नेरेइदाने जुना बॉक्स काढून उघडला, आतला व्हॉल्व्ह भिंगाखाली धरला, दोनदा उलटून पाहिला. मग म्हणाली, की मला यात काही दिसत नाही. हेरिबेर्तोला वाटलं, बाईची नजर गेली आता, वयच झालं तिचं. तरी तिने स्वतः तयार केलेला एक दुसरा बॉक्स त्याला दिला, की हा घरी ने, भाच्याचा येईल त्याच्याशी ताडून पाहा.

पंधरा दिवसांनी भाच्याचा आला. कोणाच्या तरी मावशीच्या बॅगेतून, बाळाच्या लंगोटात गुंडाळलेला, चकचकीत रंगवलेला, वर तपासणीची चिठ्ठी. दाते बत्तीस निघाले. आता जेवणाच्या टेबलावर दोन बॉक्स शेजारी शेजारी बसले आणि मिग्दालिया त्यांच्या कडेने काळ्या घेवड्याच्या भाताच्या ताटल्या मांडू लागली. हेरिबेर्तो येता-जाता त्यांचे दांडे फिरवून पाहायचा. सकाळी कॉफीचा कप डाव्या हातात धरून फिरवला तेव्हा नेरेइदाचा हलका लागला. संध्याकाळी उजव्या हातात कप होता तेव्हा तोच जड, आणि कप खाली ठेवून उजव्याने फिरवलेला भाच्याचा हलका. दुसऱ्या दिवशी सगळं उलटंपालटं. कोणी रात्रीतून बॉक्स बदलून ठेवतंय की काय, अशी शंका त्याला खरोखरच आली. तिसऱ्या दिवशी तो टेबलापाशी डोकं धरून बसला.

"मला काही कळेनासं झालंय, मिग्दालिया," तो म्हणाला. असं तो लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाला असावा.

तिने दोन्ही बॉक्स एकेकदा फिरवले आणि भाच्याच्या बॉक्सवर बोट ठेवलं. "हा बसव. हा झेपेल तुला."

शनिवारी सकाळी नेरेइदाने तो बसवला, तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. तिचे आभार मानून हेरिबेर्तो बाहेर पडला. डावीकडे वळला, झकास. पुढे औषधाच्या दुकानापाशी उजवं वळण आलं. स्टिअरिंग अर्ध्यावर गेलं आणि अडलं. अगदी तसंच, अगदी तिथेच.

तो अर्ध्या तासात शेडसमोर परत हजर झाला. संतापाने त्याचे कान लाल झाले होते. भाच्याला लुबाडलं, तूही आंधळी झालीस, माझी पोटाची गाडी तुम्ही सगळ्यांनी मिळून बसवली, असं बरंच काही तो बोलला. नेरेइदाने ऐकून घेतलं, तेलाच्या नळीला दाब मोजायचं घड्याळ जोडलं आणि खाली झोपली. वरून हेरिबेर्तो फिरवू लागला, उजवा हात सवयीने गिअरच्या दांड्यावर, डाव्याने स्टिअरिंग. घड्याळाचा काटा दोन्हीकडे सारखाच चढत होता. ती खालून बाहेर आली, हात पुसले, आणि गाडीच्या दारापाशी उभी राहिली.

"उतर खाली."

"का?"

"मला बसू दे."

"तुला रीत माहीत आहे, नेरेइदा."

"माहीत आहे. उतर."

तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो उतरला असावा. नेरेइदा आत बसली. तिने डाव्या हाताचा नुसता तळवा स्टिअरिंगवर टेकवला आणि उजवीकडे फिरवलं. शेवटपर्यंत. मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. चाकाखालचे खडे करकरले, तेवढाच आवाज.

हेरिबेर्तो पाहत राहिला. आधी त्याला वाटलं, तिने खाली काहीतरी युक्ती केली. मग वाटलं, इंजिन गरम झाल्यावर सुटलं असेल. मग वाटायला काही उरलं नाही.

"डावा हात वर कर बघू," नेरेइदा म्हणाली.

त्याने केला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. दुखत नव्हतं, काही नव्हतं. नुसता पुढे जात नव्हता. त्याने उजव्या हाताने तो वर ढकलून पाहिला, आणि नेरेइदाने मान दुसरीकडे वळवली.

"जुना बॉक्स?" त्याने विचारलं.

"चांगला होता. म्हटलं होतं मी."

घरी तिनेच गाडी आणली. तो शेजारच्या सीटवर बसला, गुडघे कुठे ठेवायचे ते न कळून. औषधाच्या दुकानापाशी गाडी उजवीकडे सहज वळली आणि त्याला इतकी लाज वाटली की त्याने डोळे मिटून घेतले. मिग्दालिया दारातच उभी होती. गाडी कोणी आणली ते तिने पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि खिडकीशी आली.

"बॉक्सला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "हात गेलाय माझा."

"अरे, ते मला ठाऊक आहे," ती गोंधळून म्हणाली. "मला वाटलं, हातासाठीच चाललंय हे सगळं. म्हणून तर हलका माग म्हणत होते."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"डिसेंबरपासून. मला वाटलं तुला बोलायचं नाहीये, म्हणून मीही बोलले नाही."

एप्रिल चालू होता. डिसेंबरपासून रोज दोन खेपा, दर खेपेला सहा माणसं, त्यांत शाळेची पोरं, त्यांत ती जपमाळवाली बाई. त्या सगळ्यांना याच हाताने त्याने नेऊन आणलं होतं, आणि दोष देत होता लोखंडाला. 

नेरेइदाने इंजिन बंद केलं आणि किल्ली त्याच्यापुढे धरली. हेरिबेर्तोने ती घेतली नाही.