पानाआड

"कवडूजी, तुम्हीसुद्धा?"

मुख्याध्यापिका बाईंनी आधी भिंतीवरचा लाल डाग पाहिला, मग कवडूचं तोंड. पोरांच्या खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुड्या काढून घेणारा हा शाळेचा शिपाई मान खाली घालून उभा होता.

"चुकलं, मॅडम," एवढंच म्हणून तो बादली आणायला गेला.

जन्मात पान न खाल्लेला कवडू दिवाळीनंतर गालात पान धरू लागला होता. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हापासून. थुंकीतलं रक्त पानाच्या लालीत मिसळून जाई. लोकांनी व्यसनी म्हटलं तर चालेल, टीबीवाला म्हणू नये. कुही तालुक्यातल्या त्याच्या गावी याच रोगापायी त्याच्या थोरल्या भावाचं अंथरूण गोठ्यात गेलं होतं. त्याचं ताट दुरूनच सरकवायचं काम लहानग्या कवडूकडे होतं.

घरी बायको, सुभद्राही चिडली. "सूनबाई काय म्हनत असन? या वयात पान चघळून राहिले!" त्याने तेही ऐकून घेतलं.

एका सकाळी मात्र उठल्याउठल्याच ढास लागली. मोरीत रक्त पडलं. वळून पाहतो तो मागे सुभद्रा.

"आता तं पान नाही न तोंडात," ती हळूच म्हणाली. "काहून लपवलं जी?"

"मले लाज वाटली वं."

तिने चहासुद्धा ठेवला नाही. तशीच त्याला ऑटोत बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तरुण डॉक्टरीण म्हणाली, "काका, थोडं जरी रक्त दिसलं तरी लगेच यायचं असतं. जास्त पडलं, दम लागला, तर क्षणभरही थांबायचं नाही. टीबीच असेल असं नाही, असला तरी औषधानं बरा होतो. पण मग घरच्यांनाही तपासावं लागेल. लहान कोणी आहे?"

"नात आहे. यायच्याच कुशीत झोपते," सुभद्रा कवडूकडे बोट दाखवत म्हणाली.

कवडूला वाटलं, जमीन दुभंगावी. लाज आजवर भलत्याच गोष्टीची वाटत होती.

थुंकी तपासण्यासाठी त्याच्या हातात डबी देऊन बाहेर उघड्यावर तीत खोकून यायला सांगितलं. बाकावरची माणसं पाहत होती. त्याला खोकताच येईना.

सुभद्रा उठली. त्याच्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही हातांनी पदर रुंद पसरला.

"होऊ द्या सावकाश," ती म्हणाली.