गोगलगायींच्या आळीत कासव

इटलीतल्या सिएना शहरातला तो व्हिला तीन वर्षं विकायचा पडला होता. दलालाच्या जाहिरातीत त्याला 'ऐतिहासिक आणि हवेशीर' म्हटलं होतं. हवेशीर तो होताच. खिडक्या लावून घेतल्या तरी वारा आत येऊन बसायचा. ऐतिहासिक होते ते नळ. अडुसष्ट वर्षांची फोस्का त्यात एकटी राहायची, अंगात दोन स्वेटर घालून. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं तिला नेलंच होतं जवळजवळ. आता तिला एकच गोष्ट हवी होती: स्टेशनजवळचा दोन खोल्यांचा, लिफ्टवाला, उबदार फ्लॅट.

भाऊ उगो मिलानला राहून फोनवरून घरावर प्रेम करायचा. "बापजाद्यांची वास्तू आहे गं," म्हणायचा, आणि त्याच दमात, "गिऱ्हाईक आलं का?"

शेवटी आलं. नेल्ला नावाची हसतमुख दंतवैद्य. ऑक्टोबरात सगळे नोटरीकडे जमले. नोटरी रिवाजाप्रमाणे अख्खं खरेदीखत मोठ्यानं वाचू लागला आणि उगो पेंगू लागला. तेवढ्यात नेल्लानं विचारलं, "बाल्कनीतली झेंडा खोचायची कडी घरासोबतच मिळते ना?"

"म्हणजे काय!" उगो खडबडून जागा झाला. "कोणता झेंडा लावणार?"

"कासवाचा."

नोटरीचं वाचन थांबलं. सिएनातल्या आळ्यांना प्राण्यांची नावं आणि आपापले झेंडे. व्हिला गोगलगायीच्या आळीत, आणि गोगलगायीचं कासवाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. जगातले दोन महासंथ प्राणी, आणि भांडण कशावरून, तर घोड्यांच्या शर्यतीवरून! वर्षातून दोनदा चौकात आळीआळीचे घोडे धावतात, आणि उरलेलं वर्ष शहाणीसुरती माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात.

"एवढे दिवस बोलली नाहीत!" उगो कडाडला. "गोगलगाय आणि पोटात पाय!"

"गोगलगाय तुम्ही," नेल्ला हसत म्हणाली. "आम्ही कासव."

"फोस्का, ऊठ! बाबांच्या आत्म्याला काय वाटेल?"

"बाबांना थंडी वाजत नाही, मला वाजते. तुला एवढा पुळका असेल तर ये या हिवाळ्यात राहायला. गळक्या छपराखालची बादली तेवढी ओतायची."

मिलानचा हीटर आठवला असावा. उगोनं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून सही ठोकली आणि पेन बहिणीपुढे सरकवलं.

फोस्कानं पेन उचललं. ती बाविशीची असताना त्याच घराच्या दिवाणखान्यात अत्तिलिओ तिला मागणी घालायला आला होता. कासवाच्या आळीतला. "कासव माझा उंबरा ओलांडणार नाही," बाबांनी बजावलं होतं. अत्तिलिओ गाव सोडून गेला. फोस्कानं लग्न केलं नाही. इलाजच नव्हता, असं ती स्वतःला सांगत आली होती.

तिला थबकलेली पाहून नेल्ला समजुतीनं म्हणाली, "काकू, मनाला नका लावून घेऊ. माझे बाबा तुमचेच, गोगलगायवाले, आई कासव. शर्यतीचे चार दिवस आई माहेरी जायची, पाचव्या दिवशी परत. आम्हा पोरांना तर मजाच वाटायची."

"चार दिवस?"

"चारच. मग पुन्हा संसार सुरू."

एवढंच होतं? शर्यतीचे चार दिवस माहेरी? हेच माहेर, हाच दिवाणखाना! आज या बाईला आत घेतलं, तर अत्तिलिओला बाहेर ठेवल्याला अर्थ काय उरला? काहीच नाही. ते तिला सोसवेना. तिनं पेनाला टोपण लावलं.

"मी घर विकत नाही."

उगोचे डोळे भरून आले. "शाब्बास!" तिला मिठी मारत तो म्हणाला. "बाबांची लेक शोभतेस!" आणि संध्याकाळच्या गाडीनं मिलानला गेला.

गोगलगायीच्या आळीनं फोस्काच्या निष्ठेसाठी वाइनची पिंपं फोडली. दोन-चार बायका कौतुकानं तिला बोलवायलाही आल्या. तिनं दार उघडलं नाही. ती कपाटात तिसरा स्वेटर शोधत होती.