मधली रेघ

“हनुवटी जरा उजवीकडे घे,” फोटोवाल्याने तिसऱ्यांदा सांगितलं.

“सरळच आहे काका,” लेक म्हणाली.

“सरळ कुठे? डावीकडे जातेय बघ.”

परीक्षेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. मी मागे पिशव्या सांभाळत बसले होते. “नीट बस की गं, किती वेळ लावशील,” म्हणून मी तिलाच दटावलं. शेवटी उठले आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून सरळ करायला गेले. डोकं सरळ होतं. नाकही सरळ होतं. हनुवटी तेवढी नाकाच्या खाली नव्हती, डाव्या बाजूला सरकलेली होती. फोटोवाला म्हणाला, “करतो मी थोडं इकडेतिकडे, कळणार नाही कुणाला.” मी म्हटलं, “काही करू नका, आहे तसा काढा.”

रस्त्यात मी तिला विचारलं, “दुखतं का गं?”

“दुखत नाही. दात हल्ली नीट बसत नाहीत एकमेकांवर. एकाच बाजूने चावते मी.”

“आणि हे तू आत्ता सांगतेस?”

“काही असतं तर बाबांना कळलं नसतं का?”

तिचं म्हणणं बरोबरच होतं. आमचे हे दातांच्या कॉलेजात, संशोधन विभागात कामाला आहेत. डॉक्टर नाहीत. मुलांचे जबडे कसे वाढतात, कुठे अडतात, कुठल्या रोगाने वाकडे होतात, याचा अभ्यास तिथे वर्षानुवर्षं चाललाय. तीच ती मुलं दर वर्षी येतात. हे त्यांचं डोकं यंत्रात बसवतात, हलू नये म्हणून दोन्ही कानांत दांडे टेकवतात आणि बाजूने एक्स-रे काढतात. मग ती फिल्म दिव्याच्या काचेवर ठेवून, वर पातळ कागद पसरून, जबड्याची आणि दातांची रेघ पेन्सिलने उतरवून घेतात. अशा वर्षावर्षाच्या रेघा एकावर एक ठेवल्या की हाड किती वाढलं ते डॉक्टरांना दिसतं. मुलं यांना रेघवाले काका म्हणतात. घरातसुद्धा यांच्या पेन्सिलीला हात लावायची कुणाची छाती नाही. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा यांनी मला तीनदा खिडकीकडे बघायला लावलं होतं. मला वाटलं, बाहेर काहीतरी आहे. नंतर कळलं, गृहस्थ माझा जबडा बघत होते.

लेक दहा वर्षांची झाली तेव्हा यांनी तिलाही त्या अभ्यासात घातलं. “घरचीच पोर, न चुकता येईल,” म्हणाले. दुसऱ्यांची पोरं कमी पडली का, म्हणून मी भांडले होते. पण माझं कोण ऐकतंय.

त्या संध्याकाळी मी सांगितलं तर हसायला लागले. “अगं, गेल्याच महिन्यात काढली तिची रेघ. झकास जबडा आहे. पुस्तकात छापावा असा.”

“पुस्तकाचं राहू द्या. समोर येऊन बघा तरी.”

समोर आले. बराच वेळ बघत राहिले. “एका कुशीवर झोपते म्हणून असेल,” एवढं म्हणाले आणि जेवायला बसले, पण भूक मेल्यासारखं दोन घास खाऊन उठले. सकाळी मला म्हणाले, “चल माझ्याबरोबर. सगळं दाखवतो, म्हणजे तुझी भुणभुण थांबेल.”

यांची खोली म्हणजे एक टेबल, एक दिव्याची पेटी आणि भिंतभर कपाटं. यांनी लेकीची पाकिटं काढली. पहिली फिल्म काचेवर ठेवून दिवा लावला. तिच्या लहानपणीच्या तोंडाचा तो पांढरा सांगाडा बघून मला कसंसंच झालं. फिल्मवर यांचा कागद, त्यावर एकच बारीक, सुरेख रेघ. कागदाखाली मात्र जबड्याच्या कडा दोन दिसत होत्या.

“या दोन कशा?” मी विचारलं.

“एक उजवी, एक डावी. एक बाजू फिल्मच्या जवळ असते, दुसरी लांब, म्हणून सावल्या तंतोतंत एकावर एक पडत नाहीत. सगळ्यांचंच असं असतं.”

“मग तुम्ही कुठली काढता?”

“दोन्हींच्या मधली. रीतच आहे तशी. जगात सगळे मधलीच काढतात.”

यांनी पुढच्या वर्षीची फिल्म ठेवली. मग त्याच्या पुढची. आधी हसतखेळत सांगत होते, ही दाढ बघ, ही तेव्हा पडायची होती. हळूहळू बोलणं कमी झालं. शेवटच्या तीन फिल्मा यांनी काचेवर शेजारीशेजारी ठेवल्या आणि वरचे कागद काढून टाकले. कागदांवर रेघ होती तशीच एकेरी, नीटस. खालच्या दोन कडा दर वर्षी एकमेकींपासून लांब गेल्या होत्या. गेल्या महिन्याच्या फिल्ममध्ये त्यांच्यामध्ये यांची पेन्सिल आडवी मावली असती.

हे खुर्चीवर बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती यांनी घेतली नाही.

“मला दिसत होत्या गं,” हे म्हणाले. “दोन्ही दिसत होत्या. मी आपला मधली काढत गेलो.”

विभागाच्या मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी फिल्मा उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, “उजव्या कानापाशी जबड्याचा जो सांधा असतो, तिथलं हाड वाढायचं थांबलेलं नाही. नुसती वाढ आहे की गाठ आहे, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.” मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, “आम्ही शिकवलं तसंच केलंत तुम्ही. मनाला लावून घेऊ नका.” हे मान हलवत राहिले. माझ्या कानात गाठ हा एकच शब्द राहिला होता.

तपासण्या झाल्या आणि निकाल येईपर्यंत आम्हा तिघांचा जीव टांगणीला लागला. दूध दोनदा उतू घालवलं मी. फोन वाजला की लेक उठून आतल्या खोलीत जायची. गाठ नाही असं कळलं तेव्हा मी ओट्याशी उभी राहून रडले. पण तेवढ्याने सुटका नव्हती. हाड अजून वाढतच होतं. कानापुढून कापून त्याचं टोक काढायचं, असं ठरलं.

“तिथून एक नस जाते,” मॅडम म्हणाल्या. “पापणी मिटते, ओठ हलतात, ते तिच्यामुळे. आम्ही जपूनच करतो. तरी क्वचित तिला धक्का बसतो.”

“म्हणजे हसले की तोंड वाकडं होणार?” लेकीने विचारलं.

“क्वचितच. आणि बहुतेक वेळा नंतर सुधारतं.”

“आधी कळलं असतं तर?”

मॅडमनी हातातली फिल्म खाली ठेवली. “तरी ऑपरेशन लागलंच असतं कदाचित. पण एवढं सरकलं नसतं. आता हनुवटी जागेवर आणायला पुढे आणखी एक करावं लागेल.”

घरी आल्यावर जेवताना तिने बापाकडे बघितलं. “बाबा, यंत्रात बसवताना दर वर्षी तुम्ही माझ्यासमोरच उभे असायचात ना?”

“हो.”

“माझं डोकं धरून सरळ करायचात.”

“हो गं.”

“मग तेव्हा बघत कुठे होतात?”

ती ताटावरून उठून गेली. मी मधे पडले नाही. खरं सांगते, मलाही तेच विचारायचं होतं, आणि मला यांचा इतका राग आला होता की पुढे कित्येक दिवस मी कामापुरतंच बोलत होते.

त्यातच हे सुट्टीच्या दिवशीही कॉलेजात जायला लागले. सगळ्या मुलांच्या जुन्या फिल्मा बाहेर काढून बसायचे. माझं डोकंच फिरलं. “आपल्या पोरीच्या तोंडावर सुरी चालणार आहे, आणि तुम्हाला लोकांच्या पोरांचं पडलंय?”

“त्यांच्याही मधल्याच रेघा काढल्यात मी,” हे म्हणाले आणि चपला घालून निघाले.

एक लहान मुलगी सापडली म्हणे. कधीतरी जिन्यावरून पडली होती आणि तेव्हापासून जबड्याची एक बाजू मागे राहत चालली होती. मॅडमना फिल्म दाखवून यांनी त्या घरी स्वतः फोन केला. याहून जास्त यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी लेकीने आत जाताना माझा हात घट्ट धरला. बापाकडे तिने नुसतं बघितलं. दार बंद झालं आणि आम्ही बाकावर बसलो. हे एका टोकाला, मी दुसऱ्या. आतून कोणी बाहेर आलं की माझा जीव वरखाली व्हायचा. नर्स यायची, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यायची आणि परत जायची. मी स्वतःचीच पापणी मिटून उघडून बघत होते. यांचे हात मांडीवर पडून होते, नखं कुरतडून लाल झालेली.

तेवढ्यात एक बाई समोर येऊन थांबली. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी, तोंडात जबडा सरळ वाढावा म्हणून बसवतात ती प्लेट.

“तुम्हीच ना ते रेघवाले काका?” बाई यांना म्हणाली. “मी ओळखलं. हिची आई मी. तुम्ही फोन केलात म्हणून कळलं हो आम्हाला.”

हे उभे राहिले, काहीतरी पुटपुटले आणि परत बसले. मग ती माझ्याकडे वळली. “तुमचे मिस्टर का? डॉक्टर म्हणाले, पोर वाढतीये तोवर सापडलं, म्हणून प्लेटवर भागतंय. नाहीतर कापाकापी होती. तुमच्या मिस्टरांचं लक्ष बघा किती. स्वतःच्या मुलीसारखं बघितलं त्यांनी हिला.”

तिला काहीतरी लागेल असं बोलावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. ती पोर प्लेटमधून मला हसत होती.

“तुम्ही इथे कशा?” बाईने विचारलं.

“मुलीचं ऑपरेशन चाललंय आत.”

“अगं बाई. कसलं?”

“जबड्याचं.”

“मग तुम्हाला कसली काळजी,” ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “घरातच एवढं जाणतं माणूस आहे.”

यांनी मान खाली घातली होती, ती वर केली नाही.

“हो ना,” मी म्हटलं, आणि बाकावर सरकत सरकत यांच्याजवळ जाऊन बसले.