दोन बोटं ढील

"मान ताठ ठेव गं बाई, मी काही फास लावत नाही," मी म्हटलं आणि लाल रेशमाचा दोरा सुमनच्या गळ्याभोवती फिरवला.

जळगावात हस्तीमल शेठजींच्या सराफी दुकानाच्या ओट्यावर बसून मी चाळीस वर्षं दागिने गाठवते आहे. सोनार मणी घडवतो, पण ते गळ्यात नीट बसतात माझ्या दोऱ्यामुळे. शेठजी हे कबूल करोत न करोत. माप घेताना दोऱ्याखाली दोन बोटं घालायची. तेवढी ढील ठेवली की दागिना रुतत नाही आणि लोंबतही नाही. दुपारी पेंग आली की डोळ्यांपुढे नुसते गळे तरंगतात. लांब, आखूड, तिळाचे, वळ्यांचे. तोंडं काही आठवत नाहीत. एक सोडून.

सुमन यावलकडची, केळीवाल्यांची पोर. गळ्यावर लिंबाएवढी गाठ. सोबत तिची आई बेबाबाई.

"चांगली रुंद वज्रटीक गाठवा, पानबाई," बेबाबाई म्हणाली. "शुक्रवारी धुळ्याले गाठ काढतो. वीस दिसांनी लगन हाये. टाक्यांचा वण दिसाले नको."

मी दोऱ्याखाली बोटं घातली आणि थबकले. बोटांखाली शीर नुसती पळत होती. पोरगी तर तासभर एका जागी बसलेली! माघाच्या थंडीत मानेवर घाम, मांडीवरचे हात थरथरत होते.

तेवढ्यात डोळ्यांपुढे झमकू येऊन बसली. माझी धाकटी बहीण. तीच गाठ, तोच घाम. वीस वर्षांपूर्वी लग्नाआधी तिचंही माप मीच घेतलं होतं. शीर अशीच उडत होती आणि मी हसले होते, "नवरीचं काळीज आधीच सासरी पळालं वाटतं!" घरच्यांनी डॉक्टरला सांगितलं, गाठ फक्त दिसायला वाईट आहे. धडधड सांगितलीच नाही, दुखणाईत पोर कोण करील? गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी ताप चढला, काळीज उधळलं. तिसऱ्या दिवशी ती गेली, आणि मी तिच्यासाठी गाठवलेली ठुशी सोडवत बसले.

"बेबाबाई, डॉक्टरला हिची धडधड सांगितली?"

बेबाबाई कावरीबावरी झाली. "कायले सांगू माय? व्याह्यांच्या कानावर गेलं तं? म्या नुसती गाठ सांगितली."

"खाते तरी वाळते मी, मावशी," सुमन हळूच म्हणाली. "झोपच लागत नाही."

मी दोरा गुंडाळून डबीत टाकला. "मग मी गाठवत नाही."

"पानबाई, आलेलं गिऱ्हाईक घालवता काय?" शेठजी गादीवरून ओरडले.

"घालवते! गिऱ्हाईक गेलं तर परत येतं."

मग मी झमकूची सगळी हकिकत सांगितली. वीस वर्षांत पहिल्यांदाच. बेबाबाईने पदर तोंडाला लावला.

शुक्रवारी तिने धुळ्याच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. त्याने नाडी मोजली आणि सुरी बाजूला ठेवली. आधी काही महिने गोळ्या, मग आयोडीनचे थेंब, काळीज शांत झालं की मगच कापायचं, म्हणाला. नाहीतर पोर हातची जाईल.

मुलाकडच्यांनी मात्र लग्न मोडलं. बेबाबाई हे सांगायला आली तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हती. मला काही गोड लागेना. कोणाच्या लेकीचं मोडणारी मी कोण लागून गेले? दुपारच्या पेंगेत झमकू येऊन बसायची.

श्रावणात सुमन आली, एकटीच. अंगाने भरलेली. गळ्यावर दोऱ्यासारखी बारीक रेघ.

"मावशी, वज्रटीक नको. लांब एकदाणी गाठवा. गळा उघडाच राहू दे."

"वण दिसेल की गं."

"दिसू दे."

एकदाणी छातीवर रुळते, तिला गळ्याचं माप लागत नाही. तरी मी लाल दोरा काढला, तिच्या गळ्याभोवती फिरवला आणि खाली दोन बोटं घातली. शीर सावकाश चालली होती, बैल पाणी पिऊन घरी निघावेत तशी. माझे डोळे आपोआप मिटले.

"मावशी, झालं का माप?"

"थांब गं," मी म्हटलं. "अजून नाही झालं."