अक्षय तृतीयेचं पिल्लू

अवधूतरावांची चूक एवढीच झाली, की घर बघायला जाताना ते पिल्लू सोबत घेऊन गेले.

गिरगावात त्यांच्या चाळीच्या जिन्याखाली एक भटकी कुत्री व्याली आणि महिन्याच्या आत गाडीखाली गेली. तिच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजून जगवलं ते अवधूतरावांनी. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा हा गृहस्थ पिल्लांच्या बाबतीत मात्र मुलीच्या बापासारखा चिकित्सक झाला होता. आधी फोनवर चौकशी, मग घर बघणं, आणि पटलं तरच पिल्लू. अशी तीन उजवली. उरली होती शेवटची काळी मादी.

लालबागच्या टॉवरमधून श्रेयाचा फोन आला. उत्तरं बिनचूक होती. घर स्वतःचं, दिवसभर घरात माणूस, आधी कधी कुत्रं पाळलेलं नाही.

"आणि काका, येताना तिला घेऊनच या ना. आज अक्षय तृतीया आहे, मुहूर्त चुकायला नको."

'नाही' म्हणणं अवधूतरावांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

दारात रांगोळी होती. श्रेया तबक घेऊन उभी, तिचा नवरा स्वप्नील मोबाईल रोखून. पिल्लाच्या कपाळावर कुंकू टेकवलं, तसं ते शिंकलं.

"अरे यार, हललं! परत एकदा," स्वप्नील म्हणाला. "काका, जरा बाजूला होता का? मध्ये येताय."

तीनदा ओवाळून झाल्यावर पिल्लू थरथरायला लागलं. श्रेयाने ते आजेसासूच्या, आनंदीबाईंच्या, मांडीवर ठेवलं आणि अवधूतरावांच्या हातात आमरसाची वाटी दिली. माणसं हौशी आहेत, त्यांनी स्वतःला समजावलं. आपल्यालाच सगळ्यात खोट दिसते.

आनंदीबाई पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "ग्वाड आसा. आमच्याकडचो ह्यो तिसरो."

"तिसरा?"

"व्हय तर. दर अक्षय तृतीयेक एक आणतत. गणपतीपर्यंत मोठो होता. मग गावाक जातना घाटात सोडतत."

आमरसाचा घास अवधूतरावांच्या जिभेवरच राहिला.

"घाटात?"

"थंय हॉटेलां आसत. उपाशी मराचो नाय."

"आजी!" श्रेया ओरडली, आणि लगेच हसली. "काका, तसं नाहीये हं. गावच्या घरी आमच्या काकूंना कुत्रं चालत नाही. गणपती असतात ना, सोवळं असतं."

"आणि मोकळं सोडलं की तेच खूश असतात," स्वप्नील म्हणाला. "मागचा तर गाडीमागे किती पळाला! व्हिडिओ आहे, दाखवू?"

त्याने खरोखरच मोबाईल पुढे केला. अवधूतरावांनी मान फिरवली. वाटीतला गोड वास त्यांना सहन होईना. समोर देव्हाऱ्यात समई तेवत होती, आणि या माणसांच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. उठावं, खडसावावं, निदान 'नालायक' एवढं तरी म्हणावं. पण त्यांनी नुसती वाटी खाली ठेवली. त्यांना त्या घराची किळस आली, तितकीच आपल्या मुक्या जिभेची.

शेवटी जे फुटलं ते असं: "एक सांगायचं राहिलं. तिला खरूज आहे."

"काय?"

"माणसांनाही होते."

आनंदीबाईंनी पिल्लू मांडीवरून खाली ढकललं. ते लादीवर आपटून केकाटलं. श्रेयाने तबक दूर सारलं. "शी! मी तिला हात लावला! आधी सांगायचं ना, काका! सॅनिटायझर कुठाय?"

अवधूतरावांनी पिल्लू उचललं आणि दार गाठलं. मागून स्वप्नीलचा आवाज आला, "टेन्शन नको गं. भोईवाड्याच्या कुशाबांकडे पण आहेत पिल्लं. मुहूर्त काय, दिवसभर आहे. हात धुतो आणि फोन लावतो."

अवधूतराव उंबऱ्यावर थबकले. आपण वाचवलं ते फक्त हातातलं. वळून बघायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, तरी ते वळले.

"कुशाबांचा नंबर मिळेल? माझ्याकडे पिल्लं मागायला पुष्कळ येतात."

"हो, घ्या की!" स्वप्नीलने मोठ्या उत्साहाने नंबर सांगितला, आणि दार लावून घेतलं.

अवधूतरावांनी लिफ्टची वाटही पाहिली नाही. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की एरवी त्यांची दोन दिवस तयारी चाले. आता पिल्लू काखेत दाबून त्यांनी तिथेच नंबर फिरवला.

"कुशाबा? आत्ता तुम्हाला लालबागहून फोन येईल. पिल्लू देऊ नका."

"कोण बोलताय?"

त्यांनी नाव सांगितलं. मग श्रेया-स्वप्नीलची नावं, घाट, हॉटेलं, गाडीमागे पळालेलं कुत्रं, सगळं एका दमात सांगितलं. आवाज इतका चढला, की समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

"अहो, पण मागे एकदा भेटलीत मला ती दोघं," कुशाबा चाचरत म्हणाले. "किती नम्र, वाकून पाया पडली! चांगली माणसं वाटली."

"मलाही वाटली," अवधूतराव म्हणाले. "तिथला आमरस अजून तोंडात आहे माझ्या. देऊ नका."



"नाही देत," कुशाबा म्हणाले. "थांबा, त्यांचाच फोन येतोय मध्ये."