टोपीवरची पट्टी

इर्मेलाने हाउकेच्या डोक्यावरच्या पुठ्ठ्याच्या टोपीवरची रबरी पट्टी बोटांनी चाचपली आणि केस वाळवायचं यंत्र त्याच्या आईच्या हाती दिलं.

"घाबरू नका. नुसता गरम वारा द्यायचा."

हाउके तासाभरापूर्वीच पीएच.डी. मिळवून डॉक्टर झाला होता. फ्रायबुर्गच्या त्या प्रयोगशाळेत अशा दिवशी सोबत्यांनी केलेली, थट्टेने मढवलेली टोपी मिरवावी लागते.

ऊब लागली तशी पट्टी आखडत गेली; तिला लोंबणारा कागदाचा इवला हाउके टोपीवर चढला. वारा थांबला, पट्टी सैलावली, आणि तो हळूहळू खाली आला.

"घरीही अस्साच! उठतो आणि परत आडवा होतो!"

आईच्या बोलण्यावर सगळे हसले. प्राध्यापक विंटरहाल्टर मात्र वाकून पट्टीच पाहत होते. झऱ्याच्या पाण्यासारखी नितळ.

"इर्मेला, तुझ्या पट्ट्या तर दुधाळ निघायच्या ना?"

"टोपी सगळी तिनेच केलीय, साहेब," मागून कुणीतरी म्हणालं.

इर्मेलाने हातातला ब्रेत्सेल, तो खारा पाव, मोडला. खाल्ला नाही. काल तिची पट्टी पुन्हा दुधाळ निघाली, तेव्हा हाउकेच्या खणातून तिने ही उचलली होती. थट्टेपुरती तर हवी. विचारायचं राहून गेलं.

"मग उन्हाळ्यातल्या परिषदेला तूच जा," प्राध्यापक म्हणाले. "ही पट्टी घेऊन."

हाउकेने टोपी काढून हातात घेतली. आपल्या प्रत्येक पट्टीचा एक कोपरा तो तिरका कापायचा. त्या कोपऱ्यावरून त्याचं बोट फिरलं, थबकलं. इर्मेलाचे कान तापले. त्याने कोपरा अंगठ्याखाली झाकला.

"हात बसला हिचा आता," तो म्हणाला.

तो चार माणसांत ओरडला असता, तर तिला मान वर करता आली असती.

"पण गुपित सांग की," विंटरहाल्टर म्हणाले. "पक्की होताना वजन किती टांगलंस?"

सारी करामत त्या वजनात होती. नेमक्या ताणात पट्टी पक्की झाली, तरच तिच्या आतले द्रवस्फटिकाचे रेणू एका दिशेने रांगेत उभे राहतात आणि ती नितळ निघते. इर्मेलाच्या पट्ट्या कधी तुटत, कधी नुसत्याच लोंबत.

ओठांवर एक आकडा आलाही. कुणी पडताळायला थोडंच जाणार होतं? हाउकेची आई अजून यंत्र मांडीवर घेऊन कौतुकाने तिच्याकडेच बघत होती.

"हाउके," इर्मेलाने विचारलं, "किती टांगलं होतंस रे?"